पाणी देताना

रविवारी सकाळी, चोपड्याच्या जिनिंगमागच्या पत्र्याखाली
आम्ही नऊजण.
लोटन मिस्तरी सोडला तर लोहार कुणीच नाही.
दारावर खडूनं लिहिलंय : रविवारची भट्टी.
त्याखाली सुगरा तडवीची भर :
चपला चालणार नाहीत. ओढणी घरी. शहाणपणही.

सुगरा औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते.
भिकन बागुल एसटीतून निवृत्त झाले,
अजून भाता ओढताना म्हणतात, पुढे सरका, पुढे सरका.
रेमसिंग पावरा वैजापूरकडून येतो, दोन गाड्या बदलून,
मांडीवर कोळशाचं पोतं घेऊन.
मी बँकेत कॅशियर.
माझ्या बोटांना फक्त कागद माहीत.

पहिले चार रविवार मिस्तरीनं हातोडा दिलाच नाही.
नुसते रंग दाखवले.
"दख," म्हणायचा, "आते नही. आते नही."
काळं लोखंड जांभळट व्हायचं,
मग मेहरूणच्या बोरासारखं लाल,
मग घडावरच पिकलेल्या केळासारखं —
"आते!"
आणि मी नेमकी कुणाशी तरी बोलत असायचे.
रंग उतरून गेलेला.
गार लोखंडावर घाव घातला
की ते घाव परत पाठवतं.
पार कोपरापर्यंत.

मिस्तरीला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं घण बडवला, घणानं कान खाल्ले.
ऐरणीखालच्या निंबाच्या ओंडक्याला
गुडघा लावून उभा राहतो,
आणि कुणाचा घाव तिरका पडला
ते पाठमोराच सांगतो.

पाचव्या महिन्यात मी कोयती घडवली,
अडावदच्या भावाच्या केळीसाठी.
भंगारातला ट्रकचा कमानपाटा, तीन रविवार,
तळहातावर दोन फोड, एक फुटलेला.
पातं डौलदार झालं होतं. मला तर फारच वाटलं.
"तेलात बुडव," सुगरा म्हणाली, "पाण्यात नको."
तेल आणायचं राहिलं होतं.
पाणी पिंपात भरलेलं होतं.
छूऽऽ
आणि त्या वाफेच्या पोटात
नखाएवढा आवाज :
टिक्.

भाता थांबलेला. सगळ्यांनी ऐकलं.
मिस्तरीनं नाही.
तो हसत, हात पुढे करून उभा,
मुलीचं प्रगतिपुस्तक मागावं तसा.

मी आपण होऊन सांगितलं असतं का,
अजून मला ठाऊक नाही.
रोज हजारांत एक रुपया चुकला तरी
घरी न जाणारी मी.

त्यानं पातं घेतलं.
अंगठ्याचं नख मुठीकडून टोकाकडे नेलं
आणि मधेच एका जागी थांबवलं.
केसाएवढी चीर.
माझ्याकडे बघितलं नाही, पिंपाकडे बघितलं.
"कोनी ऐकं?"
सात हात वर गेले. मग
आठवा, माझा.

आणि तो खूश झाला. खरंच खूश.
"पंचवीस वरीस व्हयनात,
माले हाऊ आवाज उना नही. कसा व्हता, सांगा ना."

भिकनभाऊंनी तिकिटाला भोक पाडून दाखवलं, हवेतच.
सुगरानं पाकिटातून गोळी फोडली.
कुणी जीभ टाळ्याला लावून पाहिली.
मिस्तरी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला,
मान हलवत, नाही, नाही.
रेमसिंग काहीच बोलला नाही.
त्यानं मिस्तरीचं मनगट धरलं
आणि हाडावर नखानं
एकदाच टिचकी मारली.

मिस्तरी डोळे मिटून उभा.
"हां," म्हणाला. "तोच."

चिरेपाशी पातं तोडलं.
मुठीकडच्या तुकड्याचा एक आकडा झाला.
बँकेत माझ्या टेबलामागे डब्याची पिशवी त्यावर असते,
थोडी डावीकडे घसरलेली.

परवा भावाचा फोन : कोयती झाली का?
म्हटलं, थांब.
तेल आणायचंय अजून.