जादा भोकं

ग्लव्हर्सव्हिलमध्ये आता हातमोजे शिवत नाही कुणी.
ओढासुद्धा पाण्याच्याच रंगाचा वाहतो.
आर्लीन कोपेकीनं एकतीस वर्षं इथं
अंगठे कापले. म्हणजे हातमोज्यांचे.
(हा विनोद तिचा नवरा वॉल्ट अजून करतो
आणि ती अजून हसत नाही.)

शनिवारी चर्चच्या तळघरातल्या सेलमधून
चार डॉलरला ही पर्स आली.
जाड गाईचं चामडं, आत अस्तर नाही,
पितळेची फिरकी हिरवी पडलेली, कोपऱ्यांवर बुरशी,
आणि उघडली की कुणाच्या तरी चाळीस वर्षांच्या सिगारेटी.

‘आज कुणाची आंघोळ?’ वॉल्ट दारातून विचारतो.
‘बाळाची.’
टबात कोमट पाणी, कोपरानं तपासलेलं,
भांड्यांच्या साबणाचे चार थेंब.
लोक चामडं भिजवायला घाबरतात.
अहो, जनावर जन्मभर उघड्यावरच उभं होतं की.

पाणी आधी चहा होतं, मग कडक चहा,
तिसऱ्या पाण्याला धुराचा वास निघतो.
आतल्या खिशात हेअरपिन, पेपरमिंटची अर्धी गोळी
आणि कोट ठेवल्याचा बिल्ला, नंबर एक्केचाळीस.
म्हणजे कुठल्या तरी खुंटीवर एक कोट…
असो.

मग टॉवेल कोंबून पोट आणायचं,
हीटरपासून लांब, दोन रात्री तशीच ठेवायची.
एकदा केली होती घाई.
ती निळी पर्स पापडासारखी तडकली.
अजून आहे कपाटावर, भिंतीकडे तोंड करून.

मलम बोटांनीच लावते ती. फडक्याला कळत नाही
कुठं तहान आहे.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात;
इथं गाय मरून अर्धं शतक झालं
आणि मानेची सुरकुती फडीवर आहे तिथंच आहे.
चामडं कमावावं लागतं. कमावणाऱ्यांनी काय कमावलं
ते वॉल्टच्या वडिलांच्या खोकल्याला विचारायला हवं होतं.

पट्ट्यावरून बोट फिरताना भोकं लागली.
सहा कारखान्याची: गोल, एका रांगेत, शहाणी.
त्यातलं पहिलं ताणून बदामाएवढं झालेलं.
पुढं चार हातानं पाडलेली,
खिळ्यानं, बहुतेक पोळपाटासारख्या कसल्याशा फळीवर ठेवून.
एक तर सरळ वाकडंच.
प्रत्येक भोकाला पट्टा अर्धा इंच आखूड.

बाई वाळली म्हणावं, तर पट्टा खांद्याचा, कमरेचा नव्हे.
आर्लीन जरा थांबते.
मार्चमध्ये दवाखान्यात नर्सनं उंची मोजली होती,
दीड इंच कमी भरली,
आणि आर्लीन म्हणाली होती, तुमची पट्टी चुकलीय.

ती आरशासमोर पर्स खांद्याला लावून बघते.
पहिल्या भोकात मांडीवर आपटते.
खिळ्याच्या दुसऱ्या भोकात
बरोबर बसते.

भोकं बुजवायची पेस्ट आहे तिच्याकडे, रंगही जुळतो.
डबी उघडते. हुंगते. झाकण परत लावते.

बुधवारी डाइनरमधली टॅबिथा आली,
एकोणीस वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल अशी.
पितळेत तोंड बघितलं, फिरकी तीनदा उघडली, तीनदा लावली,
पट्टा पहिल्या भोकात. पर्स नेमकी हाडावर.
‘छान आहे. पण ही एवढी भोकं कशाला?’

‘असू देत,’ आर्लीन म्हणाली. ‘लागतात.’

तीस डॉलर बरणीत गेले.
मग ती वर गेली, टबाला धरलेली तपकिरी रेघ घासायला,
आणि खालून वॉल्टनं हाक मारली:
बाळ कुठं गेलं?