कोटखाना

एकवीस हिवाळे मी लोकांचे कोट सांभाळले,
रिगाच्या त्या सभागृहात, तळमजल्यावर,
जिथे पितळी बिल्ले हाताळून हाताळून
एक आणि सात सारखेच दिसू लागले होते.

संगीत माझ्यापर्यंत भिंतीतून यायचं.
जाड भिंत. तिच्यातून व्हायोलिन येत नाही,
बासरी तर नाहीच नाही.
यायचा तो डबल बास, त्याच्यामागून नगारे,
आणि मध्येच कुणाचा तरी खोकला,
तो कसा यायचा देव जाणे.
त्यामुळे माझ्या लेखी प्रत्येक सिम्फनी म्हणजे
वरच्या मजल्यावर कुणीतरी
जड कपाट सरकवतंय, रात्री, एकटंच.

बाकीचं मी उसनं घ्यायचे.
कोट पुढे धरून विचारायचे, कसं झालं?
बाही सापडत नसते तेव्हा
माणसाला खोटं बोलायला सुचत नाही.

दातांच्या डॉक्टर जिद्राबाई म्हणाल्या होत्या,
दुसऱ्या भागात मला माझी चोरीला गेलेली सायकल आठवली,
का ते विचारू नका.
गुंटिस ट्राम चालवायचा. तो म्हणे,
चेलोवाल्याने आज वळणावर वेग कमी केला नाही,
मी उभाच राहणार होतो सीटवरून.
आणि एक पोरगी, सोळा-सतराची,
काहीच न बोलता समोरून गेली,
बिल्ला मुठीत तसाच,
कोट न घेता थेट बाहेर, उणे चौदात.
मी तिच्यामागे धावले खरी,
पण मनात म्हटलं, आज वर काहीतरी घडलंय.

मग छत गळायला लागलं.
तीन वर्षं दाराला फळ्या.
मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजल्या.
चादरींना कसं झालं, असं विचारत नाहीत.

या मार्चमध्ये पत्र आलं. प्रिय औस्मा,
सभागृह उघडतंय, कळवायला आनंद होतो.
कोटांसाठी आता आकडी कुलपांचे कप्पे आहेत.
सोबत आपल्यासाठी एक तिकीट,
अकरावी रांग, खुर्ची चार.

गेले. कप्प्यात कोट कोंबला,
जन्मसाल दाबलं, कप्पा टुंग म्हणाला.
वर जाऊन बसले, मांडीवर हात,
आणि एकदम व्हायोलिनं.
केवढी ती! सोळा, अठरा, मोजता येईनात.
इतकी वर्षं डोक्यावर एवढं बिऱ्हाड नांदत होतं
आणि मला पत्ता नाही.
खरं सांगते, आवडलं नाही सुरुवातीला.
कुणीतरी आमटीत मुठीने साखर घातल्यासारखं.
मी डोळे मिटले, कपाट शोधू लागले,
नगाऱ्यांच्या अलीकडे, व्हायोलिनांच्या खाली...
सापडलं.
डोळे उघडले तर उजव्या टोकाला
एक टकला माणूस, उभा, अंगाहून मोठं वाद्य कवेत,
नाकावर घसरलेला चष्मा.
हा होय तो!
याचा हात मी एकवीस वर्षं ओळखते.
आज पहिल्यांदा पाहिलं की तो
सरकवताना खालचा ओठ चावतो.

संपलं. खाली आले.
टुंग, टुंग, टुंग.
जो तो आपापल्या कप्प्याशी, पाठ करून.
मी मध्ये उभी, पोटात केवढं तरी घेऊन,
आणि विचारणारं कुणी नाही.

गुंटिस मात्र कप्प्यावर बुक्क्या मारत होता.
आकडा विसरला होता.
माझ्याकडे पाहून ओरडला, तुमच्या वेळी हे नव्हतं!
कुलूपवाला वीस मिनिटांनी येणार होता,
म्हणून असेल, त्याने विचारलं,
काय औस्मा, कसं झालं?

मी तोंड उघडलं.
हजारांना विचारलेला प्रश्न,
पण स्वतःसाठी उत्तर कधी शिवलंच नव्हतं.
म्हणाले, कपाट... कपाट लागलं जागेवर.
त्याने मान हलवली, समजल्यासारखी.

कुलूपवाला आला, दार उघडलं.
गुंटिसला डावी बाही सापडेना,
मी सवयीने कोट धरला.
हात आत घालता घालता, खांद्यावरून,
हळूच म्हणाला,
मला तर डुलकी लागली होती गं.