जवातलं वाडगं

सात आठवडे पाऊस नाही.
वेल्समधल्या माणसांना याची सवय नसते;
ती आभाळाकडं अशी बघतात,
जणू कुणी उसना नेलेला विळा अजून परत केला नाही.

मेइनिर मात्र खुशीत.
दोन माणसांचं विमान, खिडकीची काच काढून ठेवलेली.
इथेल पंख कलता करतो, ती पट्ट्यावर रेलून
कॅमेरा खाली रोखते.
खाली जव, उन्हानं करपून पिवळं पडलेलं,
कार्डिगनपासून इथवर एकाच रंगाचं,
आणि त्यात एकाएकी
हिरव्या रेघेचं कडं.
एका अंगाला जरा चेपलेलं,
आग्नेयेला गाडी जाईल एवढी फट.

"परत! परत एकदा!"
शब्द इंजिनात बुडतात. इथेल तिचा हात बघून वळतो.

लोखंड महाग होतं तेव्हा
कुणीतरी इथं चर खणला.
निघालेल्या मातीचा बांध घातला, आत गुरं कोंडली.
लांडगे बाहेर राहिले. बहुधा.
पुढं बांध ढासळला, चर बुजला,
नांगरांनी वरचं सगळं सारखं करून टाकलं.
खणलेली खोली तेवढी कुणाला परत बुजवता आली नाही:
तिथली माती अजून भुसभुशीत, अजून ओल धरून,
आणि तिथल्या जवाची मुळं
शेजाऱ्यांपेक्षा हातभर खाली जाऊन पितात.

फोटो दाखवला तेव्हा एलुनेड प्रॉसर
चष्मा आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.
मग टेबलावर वाकून म्हणाली,
"हे माझं शेत नव्हे."
मग, "थांब, हा माझा हौद."
चाळीस वर्षं ट्रॅक्टर घातलाय तिनं यावरून.
फटीवर बोट टेकवून विचारलं,
"इथनं आत यायची?"
कोण, ते बोलली नाही.

आठवड्याभरात हिरवंही पिकलं.
मेइनिर पुन्हा उडाली तर खाली नुसतं जव.

कापणीला भाचा, आएरॉन, यंत्रावर.
एलुनेड बांधावर, पाठ शेताकडं करून, चहा ओतत.
या टोकाहून त्या टोकाला जाताना
यंत्राचा आवाज दोनदा जड व्हायचा,
भरल्या ओंब्या लागल्यावर होतो तसा.
दोनदा. पुढच्या पट्ट्यालाही दोनदा.
मग एका पट्ट्याला एकदाच.

तिनं थर्मास खाली ठेवला.
दार.