अर्धी जागा

बर्फाच्या कारखान्यात मी पावत्या फाडते
आणि पावतीच्या पाठीवर संघ लिहिते.
स्वतः एकही चेंडू खेळलेली नाही.
पण चौदा वर्षं धावांची वही माझ्याकडे आहे,
आणि तळाशीलच्या पोरांना ठाऊक आहे
की वही खोटं बोलत नाही,
मी बोलते कधीकधी.

आमचं मैदान म्हणजे वाळूची पट्टी.
पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी,
गोलंदाजी फक्त उत्तरेकडून,
कारण दुसऱ्या टोकाला जाळी वाळत असतात
आणि जाळ्यांना पाय लागलेला कुणाला चालत नाही.

सकाळी मतलई वाहते, डोंगराकडून दर्याकडे.
तेव्हा तिसरा सहदेव, उजवा.
त्याने ओढून मारला की चेंडू
वाऱ्याच्या खांद्यावर बसून लाटांत उतरतो.
दुपारी दोननंतर वारा उलटतो.
तोच फटका मग हवेत दमतो,
सीमेवरच्या पोराच्या ओंजळीत
प्रसादासारखा पडतो.
तेव्हा तिसरा गौरेश, डावखुरा.
त्याचा चेंडू आणायला होडी लागते.

दोघांत मिळून एक माणूस.
दोघांत एक जर्सी,
वर्गणी अकराचीच जमली होती.
सहदेवच्या घामाने ओली झालेली
गौरेश तशीच चढवतो.
पाठीवर सात. नाव नाही.

नूरमहंमद पहिला, पण फक्त वायंगणीविरुद्ध,
त्यांचा वेगवान गोलंदाज त्याचा मेव्हणा आहे.
आंतोनला फिरकी येईपर्यंत बसवून ठेवायचं.
दाजी तांडेल ओहोटी असेल तर पाचवा,
नसेल तर होडीवर.

म्हातारे म्हणतात, क्रम म्हणजे क्रम,
रोज बदलतो तो कसला?
मी म्हणते, रापण ओढताना
दोरीवर कोण कुठे उभा राहणार
ते तुम्ही दर्या बघून ठरवलंत
की मान बघून?
मग ते विडी पेटवतात.

अंतिम सामना साडेचारला लागला
आणि वारा पडला.
सुरूची एक शेंडी हलेना.
समोर कोळंबचा डावरा फिरकीवाला,
म्हणजे उजवा हवा.
पण गौरेशच्या त्या आठवड्यातल्या धावा
चव्वेचाळीस, सत्तावीस, नाबाद एकोणीस.
वही दोन्ही तोंडांनी बोलायला लागली.
मी तिसऱ्या जागी दोन नावं लिहिली,
मध्ये तिरकी रेघ.
पंच म्हणाला, बाय, एक खोड.

पेन्सिल माझ्या हातातच राहिली.
गौरेशने जर्सी काढली,
उलटी झालेली बाही सुलटी केली
आणि सहदेवच्या अंगावर टाकली.
"तेकाच खेळव. मी हयसर उभो रवतंय.
वारो इलो तर सांगतंय."

आणि खरंच उभा राहिला,
उघड्या अंगाने, घोटाभर पाण्यात,
मैदानाकडे पाठ करून.
सहदेवच्या एकतीस धावा
त्याने आरोळ्यांवरून मोजल्या असतील.

तीन धावांनी हरलो.
यष्ट्या उपटून झाल्या,
चटया झटकून झाल्या,
टेम्पोवाला हॉर्न मारत होता,
तेव्हा त्याने हात वर केला.

मी वही पुन्हा उघडली.
सहा वाजून दहा. वारा पश्चिम.