सहा आठवड्यांच्या आत

कोर्टाच्या मागे खारफुटीचं जंगल आहे, मंगलवनम.
माझ्या खिडकीतून दिसतात
फांद्यांना उलटी टांगलेली वटवाघळं,
तारीख मिळालेल्या वकिलांसारखी.
उपमा माझी नाही, शिपाई कुंजप्पनची.
एर्नाकुलमला बदलून आलेल्या प्रत्येकाला तो ती ऐकवतो.

मी एलिक्कुट्टी. स्टेनो. एकवीस वर्षं.
न्यायमूर्ती बोलतात, मी उतरून घेते.
त्यांचा स्वल्पविराम म्हणजे घोटभर गरम पाणी,
पूर्णविराम म्हणजे चष्मा पुसणं.

आज सकाळी बीरान कोयाची जमीन.
सरकारी नोंदीत ती अजून भातखाचर,
कोया म्हणतो, चाळीस वर्षांत तिथे बेडूक ओरडला नाही,
नारळ उभे आहेत, नारळाखाली नातवाची मोटरसायकल.
तहसीलदार पायी तीन किलोमीटर गेले नव्हते,
म्हणून उपग्रहाचा फोटो मागवला.
आकाशातून पाहिल्यावर
जमीन कोरडी ठरली.

मग एक पाय.
बंदरावर बर्फाची गाडी मागे आली, पत्रोसचा गुडघा गेला.
डॉक्टर म्हणतात चाळीस टक्के, विमा कंपनी म्हणते तीस.
‘जाळं ओढणारा माणूस टक्क्यांवर उभा राहत नाही,’
न्यायमूर्ती बोलून गेले,
आणि लगेच: हे घालू नको.
नाही घातलं.
आकडा सत्तर झाला,
वाक्य माझ्या वहीत राहिलं,
तुटलेल्या शेपटीसारखं वळवळत.

दुपारी सहा वर्षांची मुलगी.
दुसरा आणि चौथा शनिवार बाबांचा.
दोन्ही बाजूंचे वकील खूश.
पाचवा शनिवार आला तर मी कुणाची?
हे तिनेच विचारलं, चेंबरमध्ये, बिस्कीट चहात बुडवताना.
त्या निकालाला म्हणून एक परिच्छेद जास्त आहे.

शेवटी कार्त्यायनी अम्मा. वय एक्क्याऐंशी.
नवरा सरकारी बसवर कंडक्टर होता,
त्याच्या नोकरीची नऊ वर्षं
कुठल्याशा डेपोच्या पुरात वाहून गेली,
म्हणजे रजिस्टर गेलं. वर्षं त्याने केली होती.
निवृत्तिवेतन द्यावं, थकबाकीसह,
सहा आठवड्यांच्या आत.

मी ‘दोन’ टाइप केलं.
चूक नव्हती. बोटाला माहीत होतं.

मसुदा परत आला. ‘दोन’वर लाल रेघ, वर ‘सहा’.
ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.
म्हणाले, दोन आठवड्यांत ती फाइल
एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरसुद्धा जाणार नाही.
मग अवमानाचा अर्ज. मग नोटीस. मग मुदतवाढ.
तुझ्या दोनाचं वर्ष होईल, एलिक्कुट्टी.
आणि चष्मा पुसला.

प्रमाणित प्रत घ्यायला ती स्वतः आली,
वैक्कमहून, पहाटेच्या गाडीने,
कापडदुकानाच्या पिशवीत छत्री आणि केळी.
इंग्रजी कागद नाकाशी धरून हुंगल्यासारखा पाहिला.
‘अर्ज निकाली’ म्हणजे काय ग?
आमच्या गावात माणूस गेला की म्हणतात, निकाल लागला.
जिंकलात, मी म्हणाले.
कोणाला? तिने विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही.

सहा आठवडे म्हणजे किती दिवस?
बेचाळीस.
तिने माझं पेन मागितलं,
कनवटीचं सकाळचं तिकीट काढलं,
त्याच्या मागे हळूहळू आकडा लिहिला,
खाली रेघ ओढली.
सुटे नसले की
कंडक्टर लिहून देतो ना बाकी,
उतरताना घ्या म्हणून,
तसा.