सात नंबर

एरवी मी लग्नं कापतो.
जेल रोडवर, मोबाइलच्या दुकानांच्या डोक्यावर
माझी ही खोली. दारावर अजून 'अक्षता व्हिडिओ'.
कॉम्प्युटरलाही तीच सवय:
एखादा चेहरा दोन सेकंद स्थिर राहिला
की त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागतात.
उन्मेष झोकरकरच्या फोटोवरही पडल्या.
एकेक करून काढल्या मी.

तीन कॅमेरे, दोन तास एकोणीस मिनिटं.
पहिला सभागृहाच्या मागून,
त्यात सगळेच काडेपेटीएवढे.
दुसरा शाहिदच्या खांद्यावर; तो वाहवत गेला,
म्हणून चौथ्या गाण्यात नुसतं झांजेचं पितळ आहे, थरथरणारं.
तिसरा एकटाच चालू,
स्टँडवरच्या उन्मेषच्या गिटारकडे रोखलेला.
गिटारला झेंडूचा हार. आईनं घातला.
त्याला हे चाललं नसतं
आणि तिला ते ठाऊक होतं,
हात किती भरभर मागे घेतला तिनं, पाहा.

दिवसभर वीज मंडळात तक्रारी ऐकायचा.
'मीटर फार पळतंय हो,' बायका सांगायच्या,
हा टेबलावर बोटानं तो वेग मोजायचा,
आणि रात्री रामबागेत, गॅरेजचं शटर खाली ओढून,
त्याच वेगात वाजवायचा.
शेजारचे पागे वकील काठीनं शटर बडवायचे,
लयीच्या जरा मागे.
परवा स्टेजवर म्हणाले, 'आम्ही त्याचे पहिले श्रोते.'
हे ठेवलंय.
बाकीची भाषणं काढली. एक मात्र राहू दिलं:
'इंदुरात रॉक वाजवणं म्हणजे
सराफ्यात रात्री बाराला भाकरी मागणं.'
लोक हसतात तेव्हा कॅमेरा कुणाकडेच नव्हता.

बारा मिनिटं बावीस सेकंद.
स्टेजच्या फळीवर पायानं दाबायचा नारिंगी डबा,
कोपऱ्यात लाल नेलपॉलिशनं 'स'.
तो माझा.
ब्याण्णव साली गॅदरिंगला
दोन दिवसांसाठी नेला होता उन्मेषनं.
नेलपॉलिश ताईचं, त्यावरून खाल्लेला मार माझा.
आधी मी तो मागायचा सोडला, मग वाजवायचं सोडलं,
की उलट?
दिवसभर लोकांचे प्रसंग क्रमानं लावतो मी
आणि हे लागत नाही.
आता भंवरकुआंवर क्लासला येणारा कुणी पोरगा
त्यावर बूट ठेवतो. सभागृह हादरतं.
चालतो की अजून.
नऊ सेकंद धरलाय तो शॉट. चार पुरले असते.

साउंडच्या इक्बालभाईंनी दिले सोळा चॅनल, वेगवेगळे.
सात नंबर उन्मेषचा माइक.
उभा ठेवायचा पण बंद, असं ठरलेलं.
इक्बालभाईंचा हात तीस वर्षांच्या सवयीनं
आधी तिथंच गेला.
तर दोन तास एकोणीस मिनिटं
सात नंबरवर कुणी नाही.

हेडफोन लावून मी सगळं ऐकलं.
पंख्याची घरघर.
इतरांची गाणी, भिंतीपलीकडून यावीत तशी.
बेस खाली उतरला की स्टँडवरच्या तारा
आपणहून किंचित गुणगुणतात.
त्याला शास्त्र आहे, नववीत शिकवतात.
मध्यंतरात चपला. मग त्याची मुलगी शर्वाणी,
माइकला अगदी ओठ लावून:
'हॅलो. हॅलो, चेक.'
आणि थांबते.
साउंडवाल्याचा अंगठा दिसेपर्यंत थांबतात
त्याहून बरीच जास्त.
इक्बालभाईंनी दाखवला असणार.
तिन्ही कॅमेऱ्यांत शोधला, नाही.

वहिनींचा फोन आला,
पेनड्राइव्हवर देशील ना, टीव्हीला लागेल असं?
देतो म्हटलं.
सात नंबर बंद करायला हवा, त्यानं गढूळ होतं सगळं.
बंद करून पाहिला.
एकदम स्वच्छ. लग्नासारखं.

पुन्हा उघडलाय.
अगदी खाली ठेवलाय, कुणाला कळणार नाही इतका,
प्रत्येक गाण्याच्या तळाशी,
पंख्यासकट.