शिवणयंत्र

चिन्हांच्या यादीत उरलं होतं तेवढंच :
कंगवा, ढोबळी मिरची आणि शिवणयंत्र.
कर्नल गायधनी म्हणाले, शिवणयंत्र घ्या,
उसवलेलं शहर आहे, शोभेल.
मी त्याच रात्री ब्लॉक करायला टाकला.
चाक उलट्या बाजूला आलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही, आयोगाच्याही नाही.

छापखाना माझा भद्रकालीत, भाजीबाजाराच्या मागे,
शाईला कोथिंबिरीचा वास.
पक्ष तिथेच जन्मला :
सात जण, एक बाकडं,
आणि हॉटेलवाल्याच्या उधारीच्या वहीत
एक नवं खातं, "पक्ष".

कर्नल भाषण करत नसत. उभे राहत.
आयुष्य तोफखान्यात गेलेलं, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं,
प्रश्न आला की ते मान किंचित वळवून थांबत
आणि लोकांना वाटे,
हा पहिला माणूस जो उत्तराआधी विचार करतो.
गंगेवरच्या सभेत, गाडगे महाराज पुलाखाली,
त्या थांबण्यावरच टाळ्या पडल्या.

अठरा.
मोजणीच्या दुपारी पोरांनी आकडा
खडूने माझ्या शटरवर लिहिला
आणि सातपूरची दुसरी पाळी कामावर जायच्या आधी
तो वाचायला आली.
अठरा म्हणजे फार नव्हेत. पण त्यांच्यावाचून कुणाचंच जमत नव्हतं.
महापौर दुसऱ्यांचा, खुर्चीचा एक पाय आमचा.
वर्षभर तो माणूस
आमच्याकडे बघून दाढी करत असावा.

मग धात्रकसर म्हणाले, आता नाही तर कधी?
राज्यशास्त्र शिकवायचे, वाक्य खडूसारखं धरायचे.
अंदाजपत्रकाच्या रात्री आम्ही पाठिंबा काढला.
सभागृहात टाळ्या झाल्या.
आम्हीच वाजवल्या.
शरणपूर रोडवर आलो तर रिक्षावाल्याने विचारलं,
मग आता नळाला पाणी कोण सोडणार?
सर हसले.
त्या हसण्याचा हिशेब
पुढच्या फेब्रुवारीत झाला.

एक.
द्वारकेमागून रज्जाक मणियार, एक्केचाळीस मतांनी.
पंधरवड्याने तोही गेला,
निरोपाला पेढे घेऊन आला होता.
परत कसे करणार? खाल्ले.

कर्नल अजून देवळालीत आहेत.
फोन केला तर उचलतात,
डाव्या कानाला लावतात.

सात वर्षांनी दोघे आले, गाडी परजिल्ह्यातली.
पक्षाचं नाव त्यांनी घेतलं होतं, रीतसर,
शिक्का, लेटरपॅड, खाली धात्रकसरांची
सुवाच्य सही.
मजकूर पुढे ठेवला. पहिल्याच ओळीत
भद्रकालीतली निम्मी घरं
शहराबाहेर काढली होती.
वर आमचं नाव. वर आमचं शिवणयंत्र,
चाक उलट्याच बाजूला.
मी म्हणालो, मशीन बंद आहे.
मागे मशीन चालू होतं.
तिघांनाही ऐकू येत होतं.

ते गेल्यावर मी माळ्यावर चढलो.
पावतीपुस्तक क्रमांक एक, वाळवीने कड खाल्लेली.
चौथं स्थळप्रत : अकरा रुपये,
अंजना पगारे, मेथी-शेपू, बाजाराचं तोंड.
मी "पगार" लिहिलं होतं, मात्रा राहिली होती.
बाई दुसऱ्या दिवशी पावती घेऊन आल्या होत्या,
तिला वाचता येत नव्हतं, नातीने सांगितलं होतं.
म्हणाल्या, पुढे तुमचा पक्ष राहो न राहो,
पैसे मी दिलेत.
माझं नाव नीट लिहा.

मी मात्रा दिली होती.
लाल शाईत, जराशी तिरकी.
आहे अजून.